दोन खुंटांमधलं पाणी

थंडीत चार दिवस रजा मिळाली की आमच्या ओळखीचे लोक माथेरानला जातात, लोणावळ्याला जातात, देवभोळे असले तर नाशिक-त्र्यंबक करून येतात. आम्ही घाटकोपरहून निघालो आणि वर्सोव्याची खाडी ओलांडून मढला गेलो. "हा कसला प्रवास, इथल्या इथे," असं आमच्या घरमालकीण शांताबेन म्हणाल्या. नकाशात पाहिलं तर त्यांचंच खरं आहे. पण परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी मढबद्दल इतकं ऐकवलं, की शेवटी शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, "एकदाचं लिहून काढ आणि आम्हाला मोकळं कर." म्हणून हे लिहायला बसले आहे.

जायचं कारण कॅमेरा. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढते. माझा कॅमेरा जुना जर्मन आहे, डब्यासारखा. तो पोटाशी धरायचा आणि वरून आत वाकून बघायचं. आत एक चौकोनी काच असते, तिच्यावर समोरचं सगळं उमटतं. मी अशी वाकले की विहिरीत पडलेली कळशी शोधते आहे असं वाटतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. आमच्या फोटोग्राफीच्या मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. या प्रवासाच्या आधीच्या खेपेला चिटणिसांनी माझे फोटो चाळले आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात लहान मुलांच्या फोटोंत छान बसलाय. निसर्गदृश्यं राहू द्या. त्यांना वेगळी नजर हवी."

मला राग आला. लहान मुलं मी शाळेत रोज पोटभर बघते. माझ्या मनात कितीतरी दिवस एकच फोटो होता: पाणी, धुकं आणि जवळजवळ दुसरं काही नाही. पाहुणे यायच्या आधी आपण खोली आवरतो, एकेक वस्तू उचलून आत नेतो आणि बघता बघता तीच खोली मोठी दिसायला लागते. तसं एखादं दृश्य मला आवरून बघायचं होतं. येत्या प्रदर्शनात तोच फोटो लावीन, नाहीतर जन्मभर बारशांचे फोटो काढीत बसेन, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

ह्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते एका बँकेत नोकरीला आहेत आणि कुठलीही गोष्ट शांतपणे ऐकून घेतात. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे ताजे बोंबील मिळतील का?"

प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. शांताबेनच्या घरात आम्ही भाडेकरू आहोत, त्या पक्क्या शाकाहारी आहेत आणि इतक्या चांगल्या आहेत की त्यांना त्रास होईल असं आमच्याच्याने वागवत नाही. मासे तळायचे झाले तर आम्ही खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून, चोरासारखे तळतो. आमच्या बाजारात गोमती नावाची कोळीण बसते. सासर कुर्ल्याचं, माहेर मढचं. तिला विचारलं तर ती कोयता बाजूला ठेवून म्हणाली, "माज्या बापाकडं ऱ्हावा ना बाय. हिराजी कोळी म्हना, कुनी पन दाखवील. बाप तुमाना होरीतून फिरवील. एकच सांगते, माज्या काकाचं नाव घरात काढू नका."

"का गं? काय झालं?"

"नाय काढायचं. बस."

खाडीपलीकडे

अंधेरीहून बसने वर्सोवा आणि तिथून तरीने, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीने, पलीकडे. तरीत आमच्याबरोबर रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणी होत्या आणि एक शेळी होती. शेळीने ह्यांच्या धोतराचा सोगा खायला घेतला. मालकिणीने शेळीला सोडून ह्यांनाच दटावलं, "सोगा आत घ्या ना, ती खानारच." घाटकोपरात शेळीने धोतर खाल्लं असतं तर निदान अर्धा तास भांडण चाललं असतं. इथे ह्यांनी मुकाट्याने सोगा आत घेतला.

हिराजीबाबांचं घर गावाच्या टोकाला, खाडीच्या अगदी तोंडाशी. चुन्याने रंगवलेलं, बुटकं आणि लांब. दारं दोन होती, ओटा एकच होता, आणि ओट्याच्या बरोबर मधोमध बांबूची चटई उभी बांधून त्याचे दोन भाग केलेले होते. हिराजीबाबा चटईच्या अलीकडे जाळं विणत बसले होते. पलीकडेही कुणीतरी जाळंच विणत होतं. चटईच्या फटीतून त्याच्या हाताची हालचाल दिसत होती. काका तो हाच, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. दोघे भाऊ एकाच कामात, हातभर अंतरावर, आणि एकमेकांकडे पाठ.

हिराजीबाबांची बायको जमनाबाई. आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो. ती बोलायला एकदम सडेतोड. मी हातपाय धुवायच्या आत तिने मला विचारलं, "पोरं किती?" मी म्हटलं, नाहीत. "मंग फोटो कुनाचे काढतंस?" मी म्हटलं, पाण्याचे. तिने माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

जेवणात ओल्या बोंबलांचं कालवण होतं, तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या होत्या आणि तळलेली कोळंबी. खिडक्या सताड उघड्या. आमचे हे कालवणाच्या वासात उघड्यावर बसून जेवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आमच्या लग्नातही पाहिलेलं नव्हतं. मध्येच मावशीला मसाला कमी पडला. ती ओट्यावर गेली, चटईच्या कडेने हात पलीकडे घातला, आणि हात परत आला तेव्हा त्यात मसाल्याची वाटी होती. हिराजीबाबा समोरच बसले होते. त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

पाण्यावर

पहिल्या सकाळी उजाडायच्या सुमारास हिराजीबाबांनी आम्हाला होडीत बसवलं. धुकं इतकं दाट होतं की माझ्यासमोर बसलेले हेसुद्धा मला पुसट दिसत होते. वल्ह्याचा आवाज येत होता, पाणी मात्र दिसत नव्हतं. मी कॅमेरा उघडून काचेत बघितलं तर आत नुसता पांढरा चौकोन. रिकामं हवं होतं, पण इतकं रिकामं नको होतं. असा फोटो चिटणिसांना दाखवला असता तर त्यांनी रोल खराब निघाला म्हणून सहानुभूती दाखवली असती.

मग वारा थोडा हलला आणि धुक्यात दोन काळ्या उभ्या रेघा दिसल्या. पाण्यात रोवलेले खांब होते. कोळी त्यांना खुंट म्हणतात. पिशवीसारखं लांब जाळं असतं, त्याचं तोंड अशा दोन खुंटांना ताणून बांधायचं. भरती-ओहोटीचं पाणी पिशवीतून वाहून जातं आणि मासळी आत राहते. या खुंटांमध्ये मात्र जाळं नव्हतं. नुसतं पाणी होतं, आणि त्यावर नुसतं धुकं.

मी कॅमेरा वळवला, तशी हिराजीबाबांनी होडी थांबवली.

"बाय, ह्यो अलीकरचा खुंट माजा हाय. ह्याचा काढ फोटो. त्यो पलीकरचा आला तर मना चालनार नाय."

"का बाबा?"

"त्यो धर्माचा हाय."

मग हळूहळू सगळं कळलं. ती जागा त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर दोघे भाऊ मिळून तिथे जाळं लावायचे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ घालायचा मान थोरल्याचा. एका वर्षी हिराजीबाबांना मालाडच्या बाजारातून यायला उशीर झाला, भरतीची वेळ निघून चालली, म्हणून धाकट्या धर्माने नारळ घातला. झालं, बिनसलं. घर वाटलं गेलं, ओटा वाटला गेला, आणि पंचांनी वडिलांची जाळ्याची जागाही न्यायाने सारखी वाटून दिली: एक खुंट थोरल्याला, एक धाकट्याला.

"मग जाळं कोण लावतं?" ह्यांनी विचारलं.

हिराजीबाबांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की ह्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मला मात्र ही अट मुळीच जड वाटली नाही. मला कमीत कमीच हवं होतं, आणि दोनापेक्षा एक कमी. मी तिथल्या तिथे शब्द दिला. "बाबा, फोटोत फक्त तुमचाच खुंट येईल."

त्या सकाळी आणि दुसऱ्या सकाळी मी तो एक खुंट काढत राहिले. मध्ये ठेवून पाहिला, कडेला सरकवून पाहिला, खालून पाणी जास्त घेऊन पाहिलं, वर धुकं जास्त घेऊन पाहिलं. धुकं फोटोत नेहमी मळकट उतरतं, म्हणून उजेड थोडा जास्त दिला. दुसऱ्या दिवशी तर किनाऱ्यावरून काढू म्हणून कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन चिखलात उतरले. तिकाटणं एका पायाने रुतलं, ते काढायला हे उतरले, तेही रुतले. मावशीने त्यांना काठी धरून बाहेर ओढलं तेव्हा त्यांची एक चप्पल खाडीतच राहिली. ते चप्पल शोधायला वाकले तर कॅमेऱ्याच्या काचेत आले, आणि माझं रिकामं पाणी एका बँकेच्या कारकुनाने भरून गेलं. ती चप्पल अजून मढलाच आहे.

दुसऱ्या दिवशी हे काठावर पाय धूत असताना मी त्यांना काचेत बघायला लावलं. कौतुकाची अपेक्षा होती. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झकास आहे. फक्त बसथांब्यासारखा दिसतो तो खांब. बस येऊन गेलीय असं वाटतं."

मी त्यांच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. एकटा खुंट मध्ये ठेवला की झेंड्याची काठी होत होती, कडेला नेला की चित्रातून निघून चालल्यासारखा दिसत होता. आणि पाणी किती लांबवर आहे हे कळायला काहीच उरत नव्हतं. नंतर पुन्हा होडीतून गेलो, तेव्हा परतताना ती जरा वळली आणि काचेत दोन्ही खुंट एकदम आले: जवळचा काळाभोर, लांबचा धुक्यात विरत चाललेला. आणि मधलं पाणी एकाएकी मोठं झालं. मला हवा होता तो फोटो तोच होता. बोट खटक्यावर गेलं. मागे हिराजीबाबा वल्हं मारत होते. मी शब्द दिलेला होता. मी बोट काढून घेतलं आणि होडी वळून गेली.

दुपारी मी मावशीबरोबर बोंबील वाळत घालायला गेले. बोंबलांच्या जोड्या करून, एकाचे दात दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, त्या बांबूवर टांगतात. मला ते जमायला वेळ लागला. मी तिला विचारलं, भावाभावांचं पुन्हा जमणार नाही का?

"जमंल की," ती म्हणाली. "पन आदी कोन बोलनार? ह्यो म्हनतो मी थोरला, मी कनाला जाऊ. त्यो म्हनतो मी काय चोरी केली, मी कनाला जाऊ. आमी बायका बोलतो, त्यांना चालतं. मसाला चालतो. सवताचं तोंड तेवरं उगरत नाय." तिने आणखी एक जोडी टांगली. "आनि तू पन तसलीच. रिकामं पानी काढत बसलीस. तित कवरी कोळंबी यायची म्हाइत हाय?"

मी फोटोसाठी जे आवरून काढत होते, ते त्या घरातून आधीच उचलून बाहेर टाकलेलं होतं, आणि मी त्या रिकामेपणावर खूष होऊन बसले होते. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर फोटोचा मोह त्यामुळे कमी झाला नाही.

शेवटची सकाळ

निघायच्या दिवशी दुसऱ्या रोलात एकच फोटो उरला होता. रोल सहज मिळत नाहीत आणि तिसरा मी आणलेला नव्हता. धुकं मात्र असं पडलं होतं की जणू माझ्यासाठीच धुऊन ठेवलंय. हे आज काठावरच राहिले. उरलेल्या चपलेची काळजी वाटत असावी. होडीत मी आणि हिराजीबाबा.

होडी त्याच जागी आली. काचेत दोन्ही खुंट उभे राहिले, जवळचा गडद, लांबचा पुसट. एकही होडी नाही, पक्षी नाही, लाट नाही. मी वाकून बघत राहिले. खटका दाबला तर शब्द मोडतो, नाही दाबला तर बसथांबा घेऊन घरी जायचं.

"काय झालं?" हिराजीबाबांनी विचारलं. "मशीन बिगरलं?"

मी खरं ते सांगितलं. "बाबा, एका खुंटावर फोटो उभा राहत नाही. मी दोन दिवस करून बघितलं. दोन्ही हवेत. पण तुम्हाला शब्द दिलाय, तेव्हा तुम्ही नको म्हणालात तर काढणार नाही."

त्यांनी वल्हं आत घेतलं, जपून पुढे आले आणि म्हणाले, "मना बघू दे."

मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. ते वाकले. या काचेची एक गंमत असते, आरशासारखं उजवं डावीकडे दिसतं आणि डावं उजवीकडे. मला सवय आहे, त्यामुळे मी ते सांगायला विसरले. हिराजीबाबांनी काचेत पाहिलं, मान वर करून खाडीकडे पाहिलं, पुन्हा काचेत पाहिलं.

"आरं, माजा खुंट त्याच्या बाजूला गेला. त्याचा माज्या बाजूला आला."

"काच तशी आहे बाबा. बाजू बदलते."

ते हसायला लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. होडी हलत होती आणि ते काठ धरून हसत होते. हसू थांबलं तरी ते काचेत बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "जालं पन एका खुंटाला बांधता येत नाय बाय."

ते मागे जाऊन बसले. वल्हं तळाच्या चिखलात रोवून त्यांनी होडी घट्ट धरली. "आता हलनार नाय. काढ."

मी श्वास धरला आणि खटका दाबला. एवढासा आवाज झाला. माझा फोटो निघाला होता.

परतताना होडी सरळ काठाकडे आली नाही. हिराजीबाबांनी ती लांबच्या खुंटाकडे नेली, धर्माच्या. पाण्याच्या रेषेपाशी त्यांनी लाकडाला हात लावला, अंगठ्याने दाबून पाहिलं. सडलेलं लाकूड आत दबलं. "सरायला लागलाय," ते म्हणाले. "ह्या पावसात जाईल. बदलायला पायजे त्यानं." ओट्यावर आल्यावर ते चटईकडे पाठ करून बसले, नेहमीसारखेच, पण मोठ्याने म्हणाले, "खुंट सरलाय." कुणाला उद्देशून ते सांगितलं नाही. चटईपलीकडची हालचाल थांबली. आम्हाला परतीची होडी गाठायची होती, त्यामुळे पुढचं काही ऐकायला मिळालं नाही.

घाटकोपर, आणि पुन्हा मढ

न्हाणीघरात अंधार करून मी तो फोटो धुतला. कागदावर आधी जवळचा खुंट उमटला, मग बऱ्याच वेळाने, आता येतच नाही असं वाटत असताना, लांबचा. मी ह्यांना हाक मारली. ते ओल्या हातांनी तो धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आता बस येईल असं वाटत नाही." याहून मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

चिटणीस म्हणाले, "बाई, यात आहे काय?" तरी लावला त्यांनी, दाराच्या मागे, जिथे दार उघडलं की फोटो झाकला जायचा. हे प्रदर्शनाचे सगळे दिवस संध्याकाळी येऊन दार बंद करून उभे राहत आणि थांबणाऱ्या प्रत्येकाला मढच्या बोंबलांबद्दल सांगत. बरेच लोक थांबले. एक प्रत मी गोमतीजवळ तिच्या बापासाठी दिली.

पुढच्या थंडीत मी हट्टाने ह्यांना घेऊन पुन्हा गेले. त्याच जागेचा, त्याच धुक्यातला, आणखी चांगला फोटो काढायचा होता. ओट्यावरची चटई दिसली नाही. पहाटे खाडीवर गेलो तर खुंट दोन्ही नवे, आणि त्यांच्यामध्ये जाळं ताणलेलं, दोर, पाण्यावर तरंगणारी लाकडी तरंडं, वर बगळे, आणि एका होडीत दोघे भाऊ उभे, एकमेकांवर ओरडत, दोर असा धर, तसा नको. मला पाहून दोघेही ताठ उभे राहिले आणि कॅमेऱ्याकडे बघायला लागले. मी फोटो काढला. त्यात इतकं काही आहे की चिटणिसांना नक्की आवडेल. माझं रिकामं पाणी मात्र कायमचं गेलं आणि मला त्याचं जरासुद्धा दुःख झालं नाही.

माझा पहिला फोटो त्यांच्या घरात देवाच्या शेजारी लावलेला आहे. आम्ही जेवायला बसलो असताना गावात आलेला कुणी नवा पाहुणा घरी आला, फोटोपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "ही तुमचीच जागा ना? मंग जालं कुठं हाय?"

मावशीने माझ्या ताटात कोळंबी वाढली आणि माझ्याकडे न बघता त्याला सांगितलं, "त्या दिशी सुकवाया काढलं व्हतं."